नोकरी गेली, गावी घर आहे. जावं का? (राजापूरकडचे कुणी आहात का?)

पडवी | १० नोव्हेंबर २०२४, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल देणेघेणे.

वय ४४. अंबरनाथच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात १७ वर्षं काढली. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मालकांनी केबिनमध्ये बोलावलं, युनिट बंद करतोय म्हणाले, तीन पगार हातावर ठेवले आणि मिठाईचा बॉक्सही दिला. तो बॉक्स अजून उघडलेला नाही. घरी बायको (तिची नोकरी चालू आहे, पगार बेताचा), मुलगी आठवीत. डोंबिवलीला वन बीएचके, हप्ता २१,४००, अजून नऊ वर्षं. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. दोन्हीकडे मुलाखत घेणारा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

राजापूर तालुक्यात आजोबांचं घर आहे. चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. फक्त गणपतीत उघडतो. भाताची जागा वीसेक गुंठे, वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची जमीन, अडीच एकर (सध्या नुसतं रान), घरामागे हापूसची १४ कलमं, ती दरवर्षी कराराने देतो. विहीर आहे.

विचार असा आहे की डोंबिवलीची जागा भाड्याने द्यायची, हप्त्याला तेवढाच हातभार, आणि आम्ही तिघांनी गावी जायचं. गावी खर्च असतो तरी काय? तांदूळ घरचा, भाजी परसातली, भाडं नाही. पाचेक वर्षांत वरकस जागेत कलमं नि काजू लावून उभं राहता येईल असं वाटतंय. कुणी केलंय का असं? स्पष्ट लिहा, वाईट वाटणार नाही.

मातीशी_नाळ | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

अभिनंदन! नोकरी गेली हे संकट नाही, संधी आहे. शहर माणसाला पिळून काढतं. दोन देशी गायी घ्या, रासायनिक खत बंद करा, पहाटे उठा. गाव तुमची वाट बघतंय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

हिशेबनीस | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

"तांदूळ घरचा" वाचलं आणि कॅल्क्युलेटर काढला.

वीस गुंठ्यांत, पाऊस नीट लागला आणि रानडुकरांनी कृपा केली, तर ७ क्विंटल भात धरा. भरडून साडेचार क्विंटल तांदूळ. तुम्हा तिघांना वर्षभर पुरेल आणि गणपतीच्या पाहुण्यांनाही होईल. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण तो फुकट नाही. यंदाचा हमीभाव क्विंटलला २,३००, म्हणजे सगळं भात विकलं तर १६,१००. लावणीला दहा माणसं, कापणी-झोडणीला दहा, चारशे रोज धरला तर ८,००० (चहा, न्याहारी, जेवण वेगळं, आणि चारशेत माणूस मिळाला तर नशीब). पॉवर टिलरचे सहा तास ३,०००. बियाणं-खत २,०००. गेले १३,०००. राहिले ३,१००, तेही जून ते ऑक्टोबर पाच महिने चिखलात काढल्यावर. महिन्याला ६२० रुपये. डोंबिवलीहून राजापूरला तिघं जाऊन-येऊन तेवढ्यात होत नाही.

स्वतः उतरलात तर मजुरी वाचेल. मणक्याचा खर्च मी धरलेला नाही.

मातीशी_नाळ | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

सगळंच पैशात मोजायची सवय लागली की असं होतं. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, मनःशांती यांची किंमत कोण करणार?

हिशेबनीस | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

बँक करत नाही एवढं नक्की. हप्ता हवेत घेत नाहीत.

अवांतर: आपण कुठल्या गावी असता?

मातीशी_नाळ | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

मी सध्या बाणेरला असतो. त्याचा इथे काय संबंध?

तिरफळ | ११ नोव्हेंबर, दुपारी १:१५

येवा, कोकण आपलाच आसा, ह्यां खरां. पण सातबारो आपलो आसा काय, तां आधी बघा.

आठ_अ | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

तिरफळ यांनी एका वाक्यात सांगितलं, मी दहा वाक्यांत सांगतो (सवय).

पडवी, सातबारा कुणाच्या नावे आहे? "आजोबांचं घर" असं लिहिलंयत, "वडिलांचं" नाही, म्हणून विचारतो. आजोबांना मुलं-मुली किती, त्यातली हयात किती, वारस नोंद झालीय का? झाली असेल तर सातबाऱ्यावर सगळी नावं सामाईक लागली असतील. अशा जागेत आपला हिस्सा कुठला हे कुणालाच बोट ठेवून सांगता येत नाही. तोंडी वाटप असतं, "हा भाताचा दळा आमचा, तो तुमचा", आणि मोठी माणसं हयात असेपर्यंत ते चालतंही. पण फळबागेचं अनुदान (भाऊसाहेब फुंडकर योजना), पीककर्ज, विजेचं नवं मीटर, काहीही मागायला गेलात की बाकीच्यांची संमती मागतात.

आणि आत्यांना विसरू नका. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जितात मुलींचा वाटा मुलांइतकाच. "आत्या काय, सही देईल" असं म्हणू नये. तिला बसवून, चहा देऊन, विचारावं.

सगळे राजी असतील तर तहसीलदारांपुढे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं. एक जण अडला तर दिवाणी कोर्ट, आणि मग तुमची मुलगी लग्नाला येईपर्यंत निवांत. जमेची बाजू एकच: तुमचं नाव सातबाऱ्यावर असेल तर तुम्ही शेतकरी. ज्याच्याकडे तेही नाही त्याला कूळकायद्यामुळे महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही.

पडवी | ११ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ऑनलाइन सातबारा काढला. १९ नावं आहेत. त्यातल्या चार माणसांना मी ओळखत नाही. एक आजोबाच आहेत, ते १९९४ला गेले.

आठ_अ | ११ नोव्हेंबर, रात्री १०:३०

१९ म्हणजे बरीच बरी परिस्थिती. आमच्या पानावर ६३ आहेत.

तिसरी_पाळी | १२ नोव्हेंबर, पहाटे १:३०

हे लिहावं की नाही असा विचार करत होते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि मी गावीच होते. आई, मी, धाकटा भाऊ, आजी, सगळी गावी. वडील मुंबईत गावकीच्या खोलीत. तिथे पाळीप्रमाणे झोपायची माणसं, खाणावळीत जेवायचं, आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर. पोस्टमन आमच्या पडवीत बसून थुंकी लावून नोटा मोजायचा, आई अंगठा द्यायची, आणि मनीऑर्डरच्या कुपनावरचा दोन ओळींचा मजकूर मी वाचून दाखवायची. "पैसे पोचताच कळवणे. मुलांना जपणे." दर महिन्याला तेच. तरी आई दोनदा वाचायला लावायची.

त्या वर्षी वडील शिमग्याला आले ते राहिलेच. दोन महिन्यांत मिटेल म्हणत होते. अडीच लाख कामगार बाहेर होते, सगळेच तसं म्हणत होते. आमच्या वाडीत एकाआड एक घरातला पुरुष गिरणीत, तेही सगळे हळूहळू आले. सुरुवातीला गंमत होती. एरवी गणपती-शिमग्याला दिसणारे बाप रोज दिसायला लागले, पारावर पत्ते, संध्याकाळी भजन. आमच्या शाळेतल्या पोरी एकमेकींना सांगायच्या, आमचे बाबा अजून गेले नाहीत.

मग पाऊस आला.

लावणीच्या वेळी कळलं की वडिलांना शेत येत नाही. कुठला दळा आधी भरतो, कुणाचे बैल कुणाच्या बदल्यात मिळतात, तरवा (भाताची रोपं) कधी काढायचा, हे सगळं आईला ठाऊक. वडील सतराव्या वर्षी मुंबईला गेलेले. ते बांधावर उभे राहून "आता काय करायचं" असं आईला विचारायचे, आणि बाकीच्या बाया डोक्यावरची इरली खाली ओढून हसायच्या. एकदा गवत कापायला गेले आणि चुलत्यांच्या वाट्यातलं कापून आले. त्यावरून आठ दिवस भांडण. एक गोष्ट मात्र त्यांना फार सुंदर यायची. भाऱ्याचं सुंभ तुटलं की डाव्या हाताच्या दोन बोटांत दोन्ही टोकं धरून अशी झटकन गाठ मारायचे की दिसायचं नाही कधी मारली. साच्यावर तुटलेला धागा जोडायची गाठ. आमच्या घरातली सगळी दावी त्या गाठीची होती.

रोज साडेपाचला उठून बसायचे. भोंगा नव्हता, तरी उठायचे.

आता मुद्दा. लोक म्हणतात, संपात माणसं गावी गेली म्हणून जगली. खरं आहे, पेज मिळाली, मेली नाहीत. पण आमचं गाव शेतीवर चालत नव्हतं हो. दुकानदाराची उधारी, शाळेची फी, आजीचं औषध, खताची गोणी, पावसाआधी घरावरची कौलं, हे सगळं मनीऑर्डरवर. शेतातून भात यायचं ते दिवाळी ते होळी. संप झाला तेव्हा एका घराची नाही, अख्ख्या वाडीची मनीऑर्डर एकाच महिन्यात थांबली. उसने मागायचे कुणाकडे? सगळ्यांच्याच घरी बाप परत आलेला. दुकानदाराने वहीवर लिहून घेणं बंद केलं, आणि त्याचाही दोष नव्हता, त्याचं दुकानही गिरणीवरच चालत होतं. आईच्या पाटल्या पहिल्या पावसाळ्यात गेल्या.

चौऱ्याऐंशी साली वडील परत मुंबईला गेले. गिरणीने परत घेतलं नाही. लाखावर माणसं अशीच राहिली. घाटकोपरला एका इमारतीत वॉचमन झाले, शेवटपर्यंत. त्यांची पाळी रात्रीची, म्हणून माझं इथलं नाव. तो संप कागदोपत्री कुणी कधी मागे घेतलाच नाही. वडील म्हणायचे, मी अजून संपावर आहे.

पडवी, तुम्हाला जाऊ नका म्हणत नाही. पण तुम्ही गेल्यावर तुम्हाला मनीऑर्डर कोण पाठवणार, हे आधी ठरवा.

खिडकीची_सीट | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

तिसरी_पाळी, चहा गार झाला वाचताना. वेगळा धागा काढा यावर, विनंती.

कोयता | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

आमच्या बीडकडे हे सगळं उलटं आहे म्हणून लिहितो. तुमच्याकडं संकट आलं की माणूस गावाकडं येतो, आमच्याकडं संकट आलं की गाव सुटतं. ७२च्या दुष्काळात आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला होते, सुकडी खाऊन. वडील-आई ऊसतोडीला. मुकादमाकडून दसऱ्याच्या आसपास उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि सहा महिने फडावर. आमच्यासाठी गाव म्हणजे पावसाळ्यात राहायची जागा.

२०२० साली मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा माझे आई-वडील कारखान्याच्या फडावरच, कोपीत (पाल्याच्या झोपडीत) अडकले होते. टीव्हीवर सगळे म्हणत होते, घरी राहा. आई फोनवर म्हणाली, कोपीला घर म्हणत्यात का रं?

तुमच्याकडे निदान विहीर आहे, भात आहे. नशीबवान आहात एवढंच म्हणतो. बाकी ज्याचं त्याला.

सुपारीवाला | १२ नोव्हेंबर, रात्री ९:००

दापोलीकडून. मी २०२०च्या मेमध्ये मुंबईची नोकरी सुटल्यावर आलो. चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरण. ज्या वर्गात तिसरी शिकलो त्याच वर्गात, फळ्याखाली चटई टाकून. जेवण घरून यायचं, पण डबा फाटकाशी ठेवून पोरं पळायची. आदल्या शिमग्याला याच पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं. राग नाही, भीती होती सगळ्यांना. पण गावात "आपला" आणि "मुंबईवाला" यांतलं अंतर तेव्हा कळलं.

शाळेतून सुटून घरी आलो आणि ३ जूनला निसर्ग वादळ. साडेतीन तासांत आजोबांनी लावलेली सुपारी-नारळाची बाग आडवी. सुपारी हातात यायला सात-आठ वर्षं लागतात. पंचनामा झाला, नुकसानभरपाई आली, त्यात पडलेली झाडं उचलायची मजुरी जेमतेम सुटली. वीज यायला महिना लागला.

अजून इथेच आहे. का ते नीट सांगता येणार नाही. नवी रोपं लावलीत, गुडघ्याएवढी होती, आता माझ्या डोक्यावर गेलीत. अजून फळ नाही.

कातळावरची | १३ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मी लांज्याजवळ राहते, सासर. लग्नाआधी ठाणे. एकवीस वर्षं झाली. पडवी, तुमच्या पोस्टमध्ये "आम्ही तिघांनी जायचं" आहे. बाकी दोघींशी बोललात का?

विचारते कारण गावी "खर्च नाही" म्हणजे तो खर्च कुणाच्या तरी अंगावर पडतो. परसातली भाजी आपणहून उगवत नाही. पाणी: पावसात भिंतीतून येतं, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. जांभा आहे, पाणी धरत नाही. वाडीत नळ आहेत, नळाला पाणी दिवसाआड. पहाटे कोण उठणार ते ठरवून घ्या.

वानरं. यावर कुणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. शेवगा, पपई, केळी, पडवळ, काही ठेवत नाहीत. माझ्याकडे पिवळा भोपळा एकच धरला होता, त्याच्यावर मी पोतं झाकून ठेवायची. एके दिवशी पोतं नीट घडी करून बाजूला ठेवलेलं, भोपळा नाही. घडी केलेली मी स्वतः बघितली. घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

मुलगी आठवीत आहे. दहावीपर्यंत हलवू नका, हे माझं ठाम मत. आमच्याकडे हायस्कूल बरं आहे, पण अकरावीला विज्ञान घ्यायचं तर एसटीने रोज तालुक्याला, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर चालत.

दवाखान्याचं आधी बघून ठेवा. फुरसं (विषारी साप) भरपूर, पातेऱ्यात, म्हणजे वाळल्या पाल्यात दिसत नाही. चावलं तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सरळ ग्रामीण रुग्णालय. विंचवाने पूर्वी इकडे माणसं दगावायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीचा उपचार दाखवून दिला तेव्हापासून पुष्कळ वाचतात. पण जवळच्या केंद्रात गोळी आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे गेल्या गेल्या विचारून या.

एवढं लिहून मी इथे सुखी आहे. पण मी सुखी आहे ते मिस्टरांचा दर महिन्याचा पगार आहे म्हणून. ते शिक्षक आहेत. हे मी कुणाला सांगत नाही, इथे सांगितलं.

मातीशी_नाळ | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:००

सगळेच घाबरवताय बुवा.

तिरफळ | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

घाबरवणत नाय. माकडां खरीच आसत.

पडवी | १४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

सगळा धागा बायकोला वाचायला दिला. कातळावरची यांच्या पोस्टपाशी येऊन तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "बघ, परक्या बाईने विचारलं. तू विचारलंस का?" खरंच विचारलं नव्हतं. मी ठरवलं होतं आणि ती हो म्हणेल असं धरून चाललो होतो.

तिसरी_पाळी, तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाही. माझे आजोबाही गिरणीतच होते. संपाच्या आधी निवृत्त झाले, म्हणून त्या गोष्टी आमच्या घरात आल्या नाहीत. चिऱ्याचं घर त्यांनी फंडाच्या पैशांतून बांधलं. म्हणजे तेही गिरणीचंच.

हिशेबनीस | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

कलमांचंही सांगून टाकतो, म्हणजे माझं काम झालं. दहा बाय दहा मीटरवर लावली तर गुंठ्याला एक कलम. अडीच एकरांत शंभर. पाचव्या-सहाव्या वर्षी थोडा आंबा, खरा आंबा दहाव्या वर्षानंतर, आणि तेव्हाही एक वर्ष देणार, एक वर्ष रुसणार. फवारणी, राखण, पेटी, वाहतूक वेगळी. काजू लवकर येतो, वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ लावा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी दिसेल. १९९०च्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेत ज्यांनी लावलं त्यांचं आज बरं चाललंय, कारण त्यांनी चौतीस वर्षांपूर्वी लावलं, आणि मधली वर्षं घरातला कुणीतरी मुंबईला होता.

लावा जरूर. फक्त त्यावर पुढची आठ वर्षं जेवायचा बेत करू नका.

पडवी | १९ जानेवारी २०२५, रात्री १०:५०

ठरलं ते सांगतो. बायको आणि मुलगी डोंबिवलीला. जागा भाड्याने द्यायची नाही. हप्ता बायकोच्या पगारातून आणि माझ्या फंडातून, दोन वर्षं निघतील. मी एकटा गावी, दिवाळीपर्यंत. जमलं तर पुढे बघू, नाही जमलं तर येईन परत, कुणी हसलं तर हसू दे. उद्या रात्री गाडी आहे. राजापूर रोड स्टेशनवरून गावी जायला सकाळी काय मिळतं?

खिडकीची_सीट | १९ जानेवारी, रात्री ११:०५

स्टेशनवर रिक्षा असतात, पण जी मागतील ती रक्कम ऐकून तिकडेच बसाल. ओळखीचं कुणी बोलवा. नाहीतर रात्रीची एसटी धरा, ती गावाच्या फाट्यावर तरी सोडते. शुभेच्छा.

पडवी | १२ जून २०२५, दुपारी ३:३०

मंडळी, जिवंत आहे. नेटवर्क पडवीच्या उत्तरेच्या खांबाला टेकून उभं राहिलं की मिळतं, म्हणून लिहिणं होत नाही. नाव उगाच घेतलं नव्हतं.

पावसाने यंदा फसवलं. २५ मेलाच मान्सून कोकणात. गावात कुणाचीच तयारी नव्हती. माझी कौलं परतायची राहिली होती, लाकूडफाटा अंगणात तसाच. दोन रात्री माजघरात सात भांडी मांडून झोपलो. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरायचं ठरवलं होतं, ते गेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, आता रहू घालून पेरा, म्हणजे भात भिजवून, मोड आणून. त्यांनीच करून दिलं. मी बांधावर उभा राहून "आता काय करायचं" विचारत होतो. तिसरी_पाळी, तेव्हा तुमची आठवण आली. बाया हसल्यासुद्धा. इरली नव्हती, प्लास्टिकचे कागद होते.

काम मिळालंय. पाच किलोमीटरवर एक काजू प्रक्रिया युनिट आहे. मालकाला बी खरेदीचा हिशेब, वजनं, ओलावा, देणी हे सगळं सांभाळायला माणूस हवा होता. महिना १२,०००, पावसात अर्धा दिवस. म्हणजे १७ वर्षं खरेदी खात्यात, आणि तीनशेपन्नास किलोमीटर येऊन परत खरेदी खात्यातच. पोत्यात हात घालून मूठभर बी काढायचं, कानाशी हलवायचं. खुळखुळ वाजलं तर वाळलेलं. पहिले पंधरा दिवस मला सगळंच वाजतंय असं वाटायचं.

हिशेबनीस | १२ जून, दुपारी ४:१५

१२,००० अधिक ६२०. सुधारणा आहे.

पडवी | ८ सप्टेंबर २०२५, रात्री ९:२०

गणपती झाले. २७ ऑगस्टला बसले, गौरींबरोबर विसर्जन. पहिल्यांदाच असं झालं की मी घर उघडायला आलो नाही, उघडं घर घेऊन बसलो होतो. बायको-मुलगी आल्या, चुलते, चुलतभाऊ, सातबाऱ्यावरच्या १९मधले ११ जण एका पंगतीला. भात बरं आहे, कमरेच्या वर गेलंय. एका कोपऱ्यात डुकरांनी लोळण घेतली, दीड गुंठा गेला.

तिसरी_पाळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. जुलैत युनिट तीन आठवडे बंद होतं, पगार नाही. बायकोने फोनवरून ५,००० पाठवले. खांबाशी उभा होतो, मेसेज वाजला. खाली तिने लिहिलं होतं, "पोचले की कळव. जेवत जा." मी दोनदा वाचलं.

तिसरी_पाळी | ८ सप्टेंबर, रात्री ११:५०

कळवलंत ना?

पडवी | ९ सप्टेंबर, सकाळी ६:४०

लगेच.

आठ_अ | ९ सप्टेंबर, सकाळी १०:००

वाटपाचं काय झालं? ११ जण एका पंगतीला होते म्हणता, मग विषय काढलात की नाही?

पडवी | ९ सप्टेंबर, रात्री ८:३०

काढला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आत्याला बसवून, चहा देऊन. (थोरली ८१ वर्षांची आहे, धाकटी गेली, तिची मुलं पुण्याला.) चुलत्यांनी आधीच "ती काय, सही देईल" म्हणून सोडून दिलं होतं. आत्याने चहा संपवला, बशी पुसली आणि म्हणाली, सही देते, जमीन मला काय करायची. पण परसातला बरका फणस माझा. कागदावर लिही. आणि गणपतीला येईन तेव्हा माजघरातली खिडकीखालची जागा माझी, तिथे कुणी गादी टाकायची नाही.

फणस कुणाच्या नावावर कसा करतात ते सांगा. चुलते हसतायत, पण ती लिहिल्याशिवाय सही करणार नाही, आणि मलाही ते लिहायचंच आहे.

आठ_अ | ९ सप्टेंबर, रात्री ९:१०

सातबाऱ्याला झाडांची नोंद करता येते, हे विनोदाने सांगत नाहीये. पण वाटपाच्या कागदातच स्वतंत्र कलम घाला: झाड कुठे उभं आहे, फळांचा हक्क कुणाचा, हयातीपर्यंत की वारसांनाही. शेवटचं तिला विचारून घ्या.

पडवी | ९ सप्टेंबर, रात्री ९:४५

विचारलं. म्हणते, नातीला दे. तिला बरका आवडतो.